स्वतःच्याच बुटाचे पट्टे

संगणक "बूट करणे" हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यातल्या बुटाकडे कुणाचं लक्षच जात नाही. पण तो खरोखर पायात घालायचाच बूट आहे! इंग्रजीत एक जुना वाक्प्रचार आहे, स्वतःच्या बुटाचे पट्टे धरून स्वतःलाच वर उचलण्याचा. म्हणजे अर्थातच अशक्य गोष्ट. संगणकाची नेमकी हीच अडचण होती. डिस्कवरचा प्रोग्रॅम मेमरीत आणायला डिस्क वाचणारा दुसरा प्रोग्रॅम हवा, आणि तो तर डिस्कवरच. तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं.

गेल्या वर्षी आमच्या काकांच्या एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कच्या मागे लागलो होतो. ती सुरू होता होईना. त्या निमित्तानं हा सगळा इतिहास पुन्हा चाळला. डिस्ककडे येतोच, पण आधी इतिहास, नाहीतर ती का रुसली होती ते कळणार नाही.

१९५२ साली जाहीर झालेल्या आयबीएम ७०१ या यंत्रावर "लोड" नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की यंत्र बाहेरून पहिला एक शब्द, म्हणजे ३६ बिटं, उचलून मेमरीत ठेवायचं आणि त्यातल्या अर्ध्या भागाला हुकूम समजून कामाला लागायचं. तो हुकूम पुढचे हुकूम आणायचा, ते त्यापुढचे. मला गंमत वाटते ती बटणाशेजारच्या एका स्विचची. पहिला शब्द छिद्रांच्या कार्डावरून घ्यायचा, चुंबकीय टेपवरून की ड्रमवरून, हे त्या स्विचनं ठरायचं. आज आपण एफ१२ दाबून जी बूट मेनूची यादी बघतो तिचा हा खापरपणजोबा! "कुठून सुरू होऊ?" हा प्रश्न सत्तर वर्षांहून जुना आहे.

१९६५ च्या पीडीपी-८ वर तर बटणाचीही चैन नव्हती. समोरच्या पट्टीवर बारा खटके. एकेक हुकूम खटके वरखाली करून हातानं भरायचा, असे पंधरा-वीस हुकूम. मग त्या इवल्याशा प्रोग्रॅमनं कागदी पट्टीवरून जरा मोठा प्रोग्रॅम वाचायचा आणि त्यानं खरा. सरावलेल्या लोकांना म्हणे हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असत.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि त्याच्या बायॉसनं ही पाठांतराची कटकट संपवली. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायमचा लिहिलेला हा प्रोग्रॅम फ्लॉपीचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, मेमरीतल्या एका ठरावीक जागी आणून ठेवायचा आणि कारभार त्याच्या हाती द्यायचा. फ्लॉपी नसेल तर चिपमधलंच बेसिक सुरू व्हायचं. १९८३ मध्ये पीसी एक्सटीबरोबर हार्ड डिस्क आली (१० एमबी!), पण पद्धत तीच राहिली. त्या ५१२ मधले ४४६ बाइट प्रोग्रॅमला, ६४ बाइट डिस्कच्या चार भागांच्या नोंदीला आणि शेवटचे २ बाइट फक्त "मी खरा बूट सेक्टर आहे" एवढी खूण पटवायला. एवढ्या जागेत आमच्या लग्नपत्रिकेतला "विशेष सूचना" भागसुद्धा मावला नसता.

बायॉस आधी फ्लॉपीत डोकवायचं, मग हार्ड डिस्ककडे वळायचं. चुकून फ्लॉपी आत राहिली की ते "नॉन-सिस्टिम डिस्क" असं खडसावणं ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल. याच भोळेपणाचा फायदा घेऊन १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांचा "ब्रेन" हा व्हायरस फ्लॉप्यांच्या पहिल्या सेक्टरात बसून जगभर फिरला. जो पहिला येईल त्याच्या हाती किल्ल्या, असा कारभार होता.

पुढचा इतिहास मात्र सोंगांचा आहे. सीडीवरून सुरू व्हायची सोय १९९५ च्या "एल टोरिटो" नावाच्या नियमावलीनं झाली, फिनिक्स आणि आयबीएम यांनी मिळून केलेल्या. त्यात एक युक्ती अशी की सीडीनं बायॉससमोर फ्लॉपी असल्याचं सोंग करायचं. बायॉस बिचारं समजायचं, फ्लॉपीच वाचतोय! क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये काढलेली नॉपिक्सची सीडी घालून डिस्कला हात न लावता अख्खं लिनक्स चालवण्याची मजा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घेतली असेल. मग पेन ड्राइव्ह आले. त्या काळातल्या बायॉसच्या यादीत यूएसबी-फ्लॉपी, यूएसबी-झिप, यूएसबी-हार्ड डिस्क अशी नावं दिसायची. पेन ड्राइव्ह यांपैकी काहीच नसे, पण यातलं कुठलं तरी एक सोंग घेतल्याशिवाय त्याला आत प्रवेश नव्हता. एकाच्या संगणकावर चालणारा पेन ड्राइव्ह दुसऱ्याच्या संगणकावर का चालत नाही, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर जास्त महत्त्वाचं. पालखीचा खांदा बदलतात तो क्षण आठवा. बायॉसला डिस्क दिसते, ते तिच्यावरचा कर्नल (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मेमरीत आणून ठेवतं आणि बाजूला होतं. आता कर्नलनं स्वतःच्या ड्रायव्हरनं तीच डिस्क नव्यानं शोधायची. बायॉसची ओळख त्याच्या उपयोगाची नाही. आतली डिस्क असेल तर हे पटकन उरकतं. बाहेरच्या डिस्कचं तसं नसतं. कर्नल यूएसबीची जोडणी मुळापासून नव्यानं सुरू करतो, डिस्कची पुन्हा विचारपूस होते, ती सावकाश उत्तर देते. ते काही सेकंद पालखी कुणाच्याच खांद्यावर नाही.

२००१ च्या विंडोज एक्सपीत यूएसबीचे ड्रायव्हर उशिरा चालू व्हायचे. त्यामुळे एक्सपी बाहेरच्या डिस्कवरून सुरू करायला गेलं की निळा पडदा आणि ७बी हा क्रमांक ठरलेला. त्याचा अर्थ, जिच्यावरून सुरू व्हायचं ती डिस्कच हाताला लागत नाही. मायक्रोसॉफ्टनं बाहेरच्या डिस्कवरून चालणारं "विंडोज टू गो" अधिकृतपणे दिलं ते २०१२ मध्ये, विंडोज ८ च्या कंपन्यांसाठीच्या आवृत्तीत, आणि २०२० मध्ये काढूनही टाकलं. लिनक्सनं वेगळी वाट धरली. खांदेपालटाच्या जागी एक छोटा मुक्काम ठेवला, इनिटरॅमएफएस. मेमरीतच उभारलेली लहानशी राहुटी. तिथे थांबून खऱ्या डिस्कची वाट बघायची, आली की पुढे निघायचं.

आता काकांची डिस्क. काका निवृत्त शिक्षक. २००६ मध्ये त्यांना आमच्या कुळाचा वृत्तांत संगणकावर करायची हौस आली. घरातल्या संगणकाची आतली डिस्क नातवाच्या खेळांनी व्यापलेली, म्हणून शेजारच्या इंजिनियरिंगच्या मुलानं त्यांना एक्स्टर्नल डिस्कवर लिनक्स घालून दिलं. काका रोज सकाळी पूजा आटोपली की डिस्क जोडायचे. जुन्या छापील वंशावळींत बायकांची नावं नसतात, असली तर "सौ." एवढीच, माहेरचं तर नाहीच. काकांनी पत्रं लिहून, फोन करून तेवढंच जमवलं: कोण कुठल्या घरातून आली, लेकी कुठे दिल्या. २०१४ मध्ये काका गेले. तो संगणक भंगारात गेला, डिस्क कपाटात राहिली.

गेल्या वर्षी आत्यांचा फोन आला. "अरे, माझ्या आजीचं माहेरचं आडनाव दादानं लिहून ठेवलं होतं. मिळेल का रे ते?"

डिस्कवरच्या फाइली मी आधी दुसऱ्या संगणकावर उतरवून घेतल्या. फोटो, पत्रं, सगळं नीट. पण वंशावळीच्या प्रोग्रॅमची माहिती त्याच्या त्या जुन्या आवृत्तीशिवाय उघडेना. म्हणजे काकांची सिस्टिमच जिवंत करायला हवी होती.

चुलतबहिणीच्या नव्या लॅपटॉपला डिस्क बूट मेनूत दिसलीच नाही. यात नवल नव्हतं. बायॉसची जागा आता यूईएफआयनं घेतली आहे. ते ४४६ बाइटांचं प्रोग्रॅम बघत नाही, डिस्कच्या एका खास भागात ठरलेल्या नावाची फाइल शोधतं. जुन्या पद्धतीशी जुळवून घेण्याची सोय बरीच वर्षं होती, पण २०२० पर्यंत ती बंद करण्याचा बेत इंटेलनं २०१७ मध्येच सांगून टाकला होता. २००६ च्या डिस्कवर ती फाइल कुठून असणार!

मग माळ्यावरचा माझा वीसेक वर्षांपूर्वीचा लॅपटॉप काढला. इथे बायॉसनं डिस्क ओळखली, ग्रबची यादी आली, अक्षरं सरकली... आणि थांबली. एसडीबी१ अस्तित्वात नाही, असं म्हणून त्यानं मला राहुटीतच सोडलं. समोर नुसता लुकलुकणारा कर्सर.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. राहुटीतही आज्ञा देता येतात. कर्नलला कुठल्या डिस्का दिसताहेत ते विचारलं. काकांची डिस्क होती की तिथे! फक्त तिचं नाव एसडीए१ होतं. काकांच्या संगणकात आतली डिस्क साटा जातीची, तिला पहिलं नाव मिळायचं, बाहेरचीला दुसरं. माझ्या लॅपटॉपची आतली डिस्क आयडीई जातीची, तिची नावंच वेगळ्या माळेतली, त्यामुळे बाहेरची डिस्क पहिली ठरली. तीच डिस्क, नवं घर, नवं नाव. ज्या यादीत जुनं नाव होतं त्या यादीला ती ओळखू येईना. (काकांच्या विषयाच्या दृष्टीनं हे जरा जास्तच समर्पक आहे, पण असो.) पुढे लिनक्सवाल्यांनी यावर उपाय म्हणून प्रत्येक भागाचा एक लांबलचक कायमचा क्रमांक, यूयूआयडी, वापरायला सुरुवात केली. काकांची सिस्टिम त्याच्या जरा आधीची.

पुन्हा सुरू करून ग्रबच्या यादीत "ई" दाबलं, ओळीतलं बी खोडून ए केलं, डिस्क जुनी म्हणून दहा सेकंद थांबायची सूचना जोडली. दहा सेकंद गेले, आणि पडद्यावर काकांनी ठेवलेला नातवाचा फोटो आला.

वंशावळ उघडली, सगळी माहिती साध्या मजकुरात काढून तीन ठिकाणी ठेवली. आत्यांच्या आजीचं माहेरचं आडनाव मिळालं, गावासकट. एकूण पाच पिढ्यांतल्या ६३ बायकांची नावं आहेत. त्यांतल्या दोघींच्या माहेरापुढे काकांनी प्रश्नचिन्ह करून ठेवलं आहे. दोघीही पणजोबांच्या पिढीतल्या, थोरल्या वाड्यातल्या. घरच्या मंडळींपैकी कुणाच्या आईनं, आजीनं काही सांगितलं असेल तर मला जरूर कळवा. यादी मागितली तर पाठवतो.