प्रेस्बिटेरी आणि दिवाणी न्यायालय : स्कॉटलंडमधील चर्च-शासनाचा पेच (१८३४-१८४३)

प्रेस्बिटेरियन पंथाच्या कारभारात बिशपला स्थान नाही. इतर काही पंथांत जो अधिकार बिशप या एका व्यक्तीकडे असतो, तो येथे प्रेस्बिटेरी नावाच्या प्रादेशिक सभेकडे असतो. स्कॉटलंडमध्ये अँड्र्यू मेलव्हिल यांच्या प्रभावाखाली १५७८ मध्ये या पद्धतीची मांडणी झाली व १५९२ च्या कायद्याने तिला राजमान्यता मिळाली. गावच्या मंडळीचे सेशन, त्यावर प्रेस्बिटेरी, तीवर सिनॉड आणि सर्वांत वर जनरल असेंब्ली अशी ही चढती रचना होय. प्रेस्बिटेरीत त्या टापूतील धर्मोपदेशक आणि सेशनने पाठविलेले वडील बरोबरीच्या नात्याने बसत. उमेदवाराची परीक्षा घेणे, त्यास दीक्षा देणे व त्याच्या वर्तनाची चौकशी करणे ही तिची मुख्य कामे होती.

परंतु उमेदवार सुचविणार कोण? १७१२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने हा हक्क स्थानिक जमीनदारादी आश्रयदात्यांना परत दिला आणि वादाचे बीज तेथेच पडले. १८३४ मध्ये असेंब्लीने कुटुंबप्रमुखांच्या बहुमताला नकाराधिकार दिला. त्याच वर्षी ऑख्टरार्डर येथे अर्ल ऑफ किनूल यांनी रॉबर्ट यंग यांचे नाव सुचविले. ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी विरोध नोंदविला. यंग यांच्या बाजूने सही करणारे गावकरी अवघे दोन निघाले. प्रेस्बिटेरीने त्यांना नाकारले. यंग व त्यांचे आश्रयदाते न्यायालयात गेले. १८३८ मध्ये कोर्ट ऑफ सेशनने आठ विरुद्ध पाच मतांनी प्रेस्बिटेरीच्या विरोधात निकाल दिला आणि १८३९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो कायम केला.

येथे न्यायालयाला केवळ जुलमी ठरविणे योग्य होणार नाही. पार्लमेंटने दिलेला मालमत्तेचा हक्क असेंब्लीला स्वतःच्या ठरावाने कमी करता येतो काय, हा प्रश्न खराच होता. मात्र त्याचा भार पडला तो मधल्या सभेवर. स्ट्रॅथबोगी प्रेस्बिटेरीतील सात धर्मोपदेशकांनी न्यायालयाचा हुकूम पाळला, म्हणून असेंब्लीने १८४१ मध्ये त्यांना पदच्युत केले. हुकूम न पाळणाऱ्यास न्यायालयाचा धाक, पाळणाऱ्यास असेंब्लीचा, अशी ही कोंडी होती.

अखेर १८ मे १८४३ रोजी एडिंबरोत फूट पडली. सुमारे १,२०० पैकी ४७४ धर्मोपदेशकांनी वेतन व निवासस्थान सोडून फ्री चर्च स्थापन केले. त्यांनी प्रेस्बिटेरीची रचना मात्र जशीच्या तशी उचलली, कारण भांडण रचनेशी नव्हतेच. मुंबईत डॉ. जॉन विल्सन व त्यांचे सहकारी फ्री चर्चच्या बाजूने गेले. परिणामी त्यांना विद्यालयाची इमारत सोडून नव्याने संसार मांडावा लागला. याच शाखेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले.

आश्रयदात्यांचा हक्क १८७४ मध्ये रद्द झाला. १९२१ च्या कायद्याने धर्मविषयक बाबींत चर्चची स्वायत्तता पार्लमेंटने मान्य केली, तेव्हा कुठे १९२९ चे पुनर्मीलन शक्य झाले. १९९० च्या दशकात सिनॉडचा थर काढून टाकण्यात आला, प्रेस्बिटेरी राहिली.