ज्वारीच्या रोपावरील पाण्याचा ताण

पानांवाटे उडून जाणाऱ्या पाण्याची भरपाई मुळांना करता येईनाशी झाली, की ज्वारीच्या (सॉर्घम बायकलर) कोवळ्या रोपात वाढीचे व शरीरक्रियांचे जे बदल होतात, त्यांना पाण्याचा ताण म्हणतात. पाऊस पडल्यावर किंवा पाणी दिल्यावर रोप त्यातून सावरते. मात्र सावरण्याचा क्रम सुकण्याच्या क्रमाच्या उलट नसतो. ज्वारी हे अवर्षणात तगणारे पीक आहे हे खरे, पण ही ख्याती मुळे खोल गेलेल्या पिकाची आहे. पंधरवड्याच्या रोपाला ती लावता येत नाही.

उगवणीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे रोपाची भिस्त एकाच बीजमुळावर असते. मक्याला असतात तशी जादा बीजमुळे ज्वारीला नसतात. पुढे पिकाला पोसणारी मुळे खोडाच्या जमिनीलगतच्या पेरांतून फुटतात आणि त्यांना रुजायला मातीच्या वरच्या थरात ओल लागते. पावसाने खंड दिला की नेमका हाच थर आधी सुकतो. रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, ओसरत्या ओलीवर पेरतात. तिच्या बाबतीत ही अडचण अपवाद नसून नेहमीची आहे.

ताणाचे पहिले लक्षण डोळ्यांना दिसत नाही. पान माना टाकण्याच्या बऱ्याच आधी पेशींचा फुगार कमी होतो आणि पानाची वाढ मंदावते. मुळांत व पानांत ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते; त्याच्या प्रभावाने पर्णरंध्रांच्या रक्षक पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते आणि रंध्रे मिटतात. पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइडची वाटही अडते. ऊन मात्र पडतच असते. न वापरलेल्या प्रकाशऊर्जेतून ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात व हरितद्रव्याच्या यंत्रणेला इजा करतात. पानाची सुरळी होते, त्यावर मेणाचा थर चढतो, पेशींत प्रोलीन व शर्करा साठून उरलेले पाणी धरून ठेवले जाते. पाने थांबली तरी मुळे काही काळ वाढत राहतात. कोरड्यातल्या रोपाचा मुळांकडील वाटा म्हणूनच मोठा दिसतो.

मातीची पाणी धरून ठेवण्याची ओढ सुमारे १.५ मेगापास्कलपर्यंत (१५ बार) गेली, की बहुतेक पिके कायमची कोमेजतात, असे ढोबळमानाने मानले जाते. काळ्या भारी जमिनीत त्या वेळीही पुष्कळ पाणी असते, पण चिकणमातीने ते इतके घट्ट धरलेले असते की रोपाला घेता येत नाही. ढेकूळ हाताला ओले लागले म्हणून रोपाला पाणी आहे असे समजणे ही नेहमीची फसगत आहे.

पाणी मिळाल्यावर पाने काही तासांत, फार तर एका रात्रीत ताठ होतात. तेवढ्यावरून रोप सावरले असे म्हणता येत नाही. ॲब्सिसिक आम्ल ओसरेपर्यंत रंध्रे पुरती उघडत नाहीत आणि प्रकाशसंश्लेषण पूर्वपदावर यायला ताणाच्या तीव्रतेनुसार काही दिवस लागतात. ताणात ज्यांची पेशीसंख्या कमी राहिली, ती पाने पुढेही लहानच राहतात. तरीही ज्वारीकडे एक मोठी सोय आहे: उगवणीनंतर सुमारे ३० दिवस तिचा वाढबिंदू जमिनीखाली असतो. वरची पाने करपली तरी पोंगा नव्याने निघू शकतो. वरचा थर भिजताच अडलेली पेरांची मुळे फुटतात. कोरडी माती भिजली की सूक्ष्मजीवांच्या हालचालीने नत्र एकदम मोकळे होते, एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये याचे विवेचन केले. पावसानंतर रोपाला येणाऱ्या काळोखीत या नत्राचाही वाटा असतो.

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण साठलेल्या ओलीवर तग धरण्यासाठी प्रसिद्ध आहे. वाण कोणताही असो, तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपणी करण्याची शिफारस आहे. तिने तण निघते, भेगा बुजतात आणि ओल उडण्याला आळा बसतो. फुटलेल्या भेगा मुळेही तोडतात, त्यामुळे पाण्याची सोय नसलेल्या शेतात कोळपणी चुकवणे महागात पडते.

ताणाचा आणखी एक परिणाम जनावरांवर होतो. कोवळ्या ज्वारीत धुरिन हे नत्रयुक्त संयुग असते. पान चावले गेले की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते आणि गुरांना विषबाधा होते. तिला किराळ लागणे म्हणतात. पाण्याअभावी खुरटलेल्या रोपांत धुरिनचे प्रमाण वाढते. पाऊस पडल्यावर फुटणारे हिरवेगार फुटवेही तितकेच धोक्याचे असतात, कारण ते कोवळे असतात आणि त्यांना मोकळे झालेले नत्र मिळालेले असते. अशा शेतात पीक फुलोऱ्यावर येईपर्यंत गुरे सोडत नाहीत. चारा नीट वाळवला की विष बरेच उतरते, आणि पक्क्या दाण्यात ते जवळजवळ नसतेच.