परीक्षा अर्थशास्त्राची

किंमत मागणीने ठरते की उत्पादनखर्चाने? कात्रीचे वरचे पाते कागद कापते की खालचे, असे विचारण्यासारखेच हे, असे केंब्रिजच्या आल्फ्रेड मार्शल यांनी दाखविले. १९०३ साली त्यांच्याच खटपटीने तेथे अर्थशास्त्राची स्वतंत्र पदवी-परीक्षा स्थापन झाली. त्यांचे शिष्य केन्स १९०६ साली मुलकी सेवेच्या परीक्षेत दुसरे आले. गुण कमी पडले ते नेमके गणितात व अर्थशास्त्रात! परीक्षकांपेक्षा विषय आपल्यालाच अधिक कळतो, असे त्यांचे म्हणणे. १९१३ साली हिंदुस्थानच्या चलनावरील त्यांच्या ग्रंथाने त्या म्हणण्याला पुष्टीच दिली.

म्हणून परीक्षा नकोत, असे आम्ही म्हणत नाही. कात्रीचा दाखला कोणीही घोकील. अवकाळी पावसानंतर कांदा का महागला, हे त्या कात्रीने उलगडून दाखवा, असे विचारावे. तेथे घोकंपट्टीचे काही चालत नाही.