खिडकीबाहेरचं घडीचं ऑनिंग कसं उघडतं, आणि वाऱ्यात का मोडतं?

पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी ऊन थेट घरात येतं. आतला पडदा ओढला तरी खोली तापतेच, कारण तोवर ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं आणि तापलेला पडदा ती उष्णता खोलीतच सोडतो. ऑनिंग, म्हणजे खिडकीवर बाहेरून बसवलेलं कापडी छत, ऊन काचेच्या आधीच अडवतं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार, उन्हाळ्यात खिडकीतून येणारी सूर्याची उष्णता ऑनिंगमुळे दक्षिणेकडे ६५ टक्क्यांपर्यंत आणि पश्चिमेकडे ७७ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते.

पत्र्याची शेड बारा महिने तशीच राहते. घडीचं ऑनिंग मात्र हवं तेव्हा मिटता येतं.

तीन मुख्य प्रकार

१. टपाचं ऑनिंग: हे बाबागाडीच्या टपासारखं असतं. अर्धगोल किंवा चौकोनी कमानी दोन्ही बाजूंना एकेका बिजागरीत अडकवलेल्या असतात आणि त्यांच्यावर कापड ताणलेलं असतं. दोरी ओढली की कमानी एकावर एक येऊन टप मिटतो. दोरी सोडली की तो स्वतःच्या वजनाने खाली उघडतो.

२. सरळ दांड्यांचं ऑनिंग: खिडकीच्या दोन्ही बाजूंना एकेक दांडा असतो. वरच्या नळीवर गुंडाळलेलं कापड सुटतं तसे दांडे पुढे झुकतात. ऊन खाली उतरलं की दांडेही आणखी खाली आणता येतात, त्यामुळे खिडकीसाठी हा प्रकार सोयीचा.

३. कोपराच्या हातांचं ऑनिंग: यातले हात माणसाच्या हातासारखे कोपरात दुमडतात. बाल्कनी आणि दुकानांसमोर बहुतेक हेच दिसतं.

हँडल फिरवल्यावर काय होतं?

तिसऱ्या प्रकारात हँडल हात बाहेर ढकलतं, असं वाटतं. खरं तर हातांच्या आत ताणलेल्या स्प्रिंग असतात आणि त्या सतत बाहेर ढकलत असतात. त्यांना रोखून धरतं ते कापड. हँडल फक्त नळी फिरवून कापड सोडतं किंवा गुंडाळतं. या ओढाताणीमुळेच कापड ताठ राहतं. नळीच्या टोकाचा वर्म गिअर उलटा फिरत नाही, म्हणून ऑनिंग हव्या त्या जागी थांबतं. मोटरच्या ऑनिंगमध्ये ती नळीच्या आतच बसते.

म्हणूनच कापड फाटलं तर ते घरच्या घरी सोडवू नये. हात आधी पट्ट्याने बांधले नसतील, तर ते झटक्यात उघडून गंभीर इजा होऊ शकते.

पाऊस आणि वारा

एक चौरस मीटर कापडावर एक सेंटीमीटर पाणी साचलं तरी १० किलो वजन होतं. म्हणून रिमझिम पावसात उघडं ठेवायचं असेल, तर दर मीटरला साधारण २५ सेंटीमीटर उतार हवा. ओलं कापड गुंडाळून ठेवलं तर बुरशी धरते. पाऊस थांबल्यावर ते उघडून वाळवावं.

पाण्याहून मोठा धोका वाऱ्याचा. वारा खालून शिरला की कापड शिडासारखं फुगतं. तो सगळा झटका हातांच्या सांध्यांवर आणि भिंतीतल्या बोल्टवर येतो. ईएन १३५६१ या युरोपीय मानकात वर्ग २ चं ऑनिंग ताशी ३८ किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्यासाठी धरलेलं असतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवामान खातं ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाच्या सोसाट्याच्या वाऱ्याचे इशारे देतं, म्हणजे त्याहून जास्त.

त्यामुळे विकत घेताना वाऱ्याचा वर्ग विचारावा आणि बोल्ट नुसत्या प्लास्टरमध्ये नाही, तर काँक्रीटमध्ये किंवा भक्कम भिंतीत जातील याची खात्री करावी. मोटरचं असेल तर वारा वाढताच आपोआप मिटवणारा सेन्सर लावून घ्यावा. हँडलचं असेल तर घराबाहेर पडण्यापूर्वी ऑनिंग मिटवलेलं बरं. पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहू नये, कारण घडीचं ऑनिंग मुळात उन्हासाठीच असतं.