सतरा लाख उत्तरपत्रिका

१८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी. ए. परीक्षेत चौघे उत्तीर्ण झाले : रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. एवढ्यांच्या निकालाला यंत्र कशाला हवं होतं? पण त्याच विद्यापीठाला १६० वर्षं पूर्ण होत असताना, २०१७ च्या उन्हाळ्यात, तपासायच्या उत्तरपत्रिका होत्या सुमारे सतरा लाख. रायगड जिल्हा या विद्यापीठाच्या कक्षेत येतो. तेव्हा आमच्या कोनसारख्या पनवेलजवळच्या गावातून कॉलेजात जाणारी मुलंही त्या ढिगात होतीच.

जुनी रीत श्रोत्यांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. शिक्षक ‘कॅप’ला, म्हणजे मध्यवर्ती तपासणी केंद्रावर जात, समोर गठ्ठा, हातात लाल पेन. बेरीज चुके, एखादं पान नजरेतून सुटे. शिवाय मे २०१६ मध्ये अभियांत्रिकीच्या उत्तरपत्रिका बाहेर काढून विद्यार्थ्यांना पुन्हा लिहू दिल्याच्या आरोपावरून पोलिसांनी विद्यापीठाच्या काही कर्मचाऱ्यांना पकडलं होतं. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासाव्यात, हा विचार काही उगीच आलेला नव्हता. बेरीज यंत्र करील, पान सुटणार नाही, कागदाला परस्पर हातही लागणार नाही. विचार चांगला होता, असंच मी आजही म्हणेन.

घोडं अडलं ते दुसरीकडेच. पडद्यावर येण्याआधी प्रत्येक पानाचं छायाचित्र, म्हणजे स्कॅनिंग, व्हावं लागतं, आणि ते काम माणसंच करतात. एका उत्तरपत्रिकेची तीस पानं धरली तरी पाच कोटी पानं होतात! त्यात पुरवण्या वेगळ्या. प्रत्येक पुरवणी आपल्या मूळ उत्तरपत्रिकेशी जुळायला हवी. आणि हा सगळा बदल एका हंगामात, सर्व विद्याशाखांना एकदम लागू केलेला. आधी एखाद्या शाखेवर प्रयोग, मग दुसरी, एवढी सबूरी कुणी दाखवली नाही. गावात नवी विहीर खणताना जुनी कुणी आधी बुजवत नाही.

कायद्यानं निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लागायला हवा. राज्यपालांनी, म्हणजेच कुलपतींनी, ३१ जुलै ही मुदत घालून दिली. कॉलेजांतल्या तासिका बंद ठेवून शिक्षकांना तपासणीला बसवलं. नागपूरच्या प्राध्यापकांनीही हात दिला. मुदत टळलीच. ऑगस्टमध्ये कुलगुरू संजय देशमुख सक्तीच्या रजेवर गेले, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू देवानंद शिंदे यांच्याकडे कार्यभार आला, आणि शेवटचे निकाल लागेतो सप्टेंबर उजाडला. ऑक्टोबरमध्ये देशमुखांना पदावरून दूर करण्यात आलं.

कुलगुरूंचं पद गेलं, त्याची बातमी झाली. पण ज्या पोराला पुढच्या प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी गुणपत्रिका दाखवायची होती, त्याचे ते तीन महिने कुठल्या वहीत मांडायचे? संगणकानं वेग वाढतो तो कामाचा. कामाची मांडणी कच्ची असेल तर गोंधळही तेवढ्याच वेगानं वाढतो.

ऑनस्क्रीन तपासणी मात्र बंद पडली नाही. पुढच्या हंगामातही शिक्षक संगणकासमोरच बसले.