आग्नेयेकडे तोंड करून वाजणारा रेडिओ

रेडिओ ऐकण्यासाठी पैसे भरावे लागतात, याचं वऱ्हाडाला कधी फारसं नवल वाटलं नाही. 1928 पासून देशात रेडिओला लायसन लागत होतं. सुरुवातीला वर्षाला 10 रुपये, पुढे 15. पोस्टाच्या खिडकीवर पैसे भरायचे आणि पुस्तिकेत नोंद करून घ्यायची. अकोल्याचा वकील असो की अमरावतीचा कापसाचा अडत्या, घरात सेट आला की ही पुस्तिकाही येई. ट्रान्झिस्टर शेतमजुराच्या हातात आला, तसं हे लायसन हास्यास्पद होत गेलं. आधी एक-दोन बँडच्या सेटना सूट मिळाली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर लायसनच गेलं.

त्या पैशांत मिळत काय होतं? 16 जुलै 1948 ला नागपूर केंद्र सुरू झालं, तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होता आणि राजधानीचं नागपूर हेच त्याचं जवळचं केंद्र. पण 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी सिनेसंगीताला आकाशवाणीवर लगाम घातला. मंत्री मराठी, शास्त्रीय संगीताचे दर्दी. श्रोत्यांना मात्र हवी होती ती सिनेमाची गाणी. मग सगळा देश काटा फिरवून रेडिओ सिलोनवर गेला. त्याच वर्षाअखेर तिथं अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. विविध भारती आली ती 3 ऑक्टोबर 1957 ला. म्हणजे लायसनचे पैसे दिल्लीला आणि कान कोलंबोला, असा पाच वर्षांचा मजेशीर व्यवहार झाला.

हे सगळं घरातल्या रेडिओचं. रस्त्यावरची गोष्ट वेगळी.

हजिरा ते कोलकाता हा जुना राष्ट्रीय महामार्ग 6, या भागात आजचा 53, अकोला-मूर्तिजापूर-बडनेरा-अमरावती असा जातो. सरकीची पोती, कापसाच्या गाठी आणि गुजरातचा माल त्याच रस्त्याने. रात्रीच्या ड्रायव्हरला रेडिओ हवा असे तो मुख्यतः डोळा लागू नये म्हणून. पण मीडियम वेव्हमध्ये इंजिनची खरखर मिसळे आणि गाव मागे पडलं की केंद्र बदलावं लागे. कॅसेटने हा प्रश्न सोडवला. ज्याला जी गाणी हवीत ती कोऱ्या कॅसेटवर भरून देणारी दुकानं गावोगावी निघाली. एकदा पैसे दिले की टेप झिजेपर्यंत गाणं आपलं.

याच काळात सरकारने खास रात्रीसाठी एक गोष्ट केली. ती विदर्भातच झाली, तरी आज फारशी कुणाला आठवत नाही. 18 मे 1988 ला आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. तिचं प्रक्षेपण नागपूरहून, 1566 किलोहर्ट्‌झवर, 1000 किलोवॅटच्या ताकदीने. संध्याकाळी सुरू होऊन पहाटेपर्यंत गाणी आणि बातम्या. मीडियम वेव्ह रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परततात आणि शेकडो किलोमीटर जातात, म्हणून वेळ रात्रीची. नागपूरहून निघालेला ट्रक धुळ्यापर्यंत काटा न हलवता ऐकू शकेल, अशी ही कल्पना होती, तीही फुकट. 2019 च्या सुरुवातीला ही वाहिनी बंद झाली.

पैसे भरून ऐकायचा रेडिओ दुसऱ्यांदा आला तो आकाशातून. नोआ समारा यांनी 1990 मध्ये अमेरिकेत वर्ल्डस्पेस ही उपग्रह रेडिओची कंपनी काढली. तिचा एशियास्टार उपग्रह मार्च 2000 मध्ये फ्रेंच गयानातून एरियान रॉकेटवर चढला. त्यावर वाहिन्या होत्या शास्त्रीय संगीताची ‘गंधर्व’, जुन्या हिंदी गाण्यांची ‘फरिश्ता’, मराठीसाठी ‘सुरभी’. जाहिराती जवळपास नाहीत, आवाज स्वच्छ. ए. आर. रहमान कंपनीचा चेहरा झाले. पैसे भरणाऱ्या ग्राहकांत भारतीय बहुसंख्य होते.

मात्र सेटसोबत तळहाताएवढा चपटा अँटेना यायचा आणि त्याला उपग्रह थेट दिसावा लागे. एशियास्टार 105 अंश पूर्व रेखांशावर होता. अकोल्याहून पाहिलं तर आग्नेयेला, क्षितिज आणि डोक्यावरचं आकाश यांच्या साधारण मध्यावर. खिडकीत अँटेना नीट बसवला की घरी सुरेख वाजे. गाडीत? रस्ता वळला की तोंड फिरलं, पुलाखाली गेलं की गाणं गप्प. अमेरिकेत एक्सएम आणि सिरियस या उपग्रह रेडिओ कंपन्यांनी हीच अडचण शहरांत जमिनीवर पुनर्प्रक्षेपक उभारून सोडवली आणि तो रेडिओ मोटारीचा झाला. आपल्याकडे उपग्रह रेडिओच्या धोरणाबाबत 2005 मध्ये दूरसंचार नियामकाने शिफारशी केल्या, पण पुनर्प्रक्षेपकांचं जाळं काही उभं राहिलं नाही. उपग्रह रेडिओ दिवाणखान्यातच राहिला. ‘ड्रायव्हरनं कायले भरावं बापा?’ असं मूर्तिजापूरच्या एखाद्या ट्रकवाल्याने विचारलं असतं, तर विक्रेत्याकडे उत्तर नव्हतं.

ऑक्टोबर 2008 मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 31 डिसेंबर 2009 ला भारतातली सेवा थांबली. उरलेल्या मुदतीच्या वर्गणीवर ग्राहकांना पाणी सोडावं लागलं. वर्गणीचा हा धोका पोस्टाच्या लायसनला नव्हता. सरकार कितीही कंजूष असो, ते दिवाळं काढत नाही.

रस्ता मात्र सुधारला. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला टप्प्यात 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अखंड टाकून राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने गिनेस विक्रम केला. या रस्त्यावर शहरांजवळ एफएम मिळतं, मधल्या भागात मोबाइलचा डेटा चालतो. तेव्हा आज उपग्रह रेडिओ भारतात परत आला, तरी अमरावती-अकोल्याच्या साधारण शंभर किलोमीटरसाठी वर्गणी भरणं फुकट जाईल.

मेळघाटात हिशेब वेगळा. परतवाड्याहून धारणीकडे निघालं की सेमाडोहच्या आसपास मोबाइलच्या काड्या गळत जातात आणि एफएम तर आधीच मागे पडलेलं असतं. उपग्रह रेडिओचं खरं काम असायला हवं होतं ते इथं. पण या रस्त्याच्या एका बाजूला डोंगर, डोक्यावर सागाची छत्री. आग्नेयेचं आकाश सलग दिसतं कुठे? ज्या लहरींवर वर्ल्डस्पेस चाले, त्या ओल्या पानांतून जेमतेमच पार होतात, आणि पावसाळ्यात तिथली झाडी गच्च असते. घाट चढणारे म्हणूनच परतवाड्यातच गाणी भरून घेतात; आधी कॅसेटवर, मग पेनड्राइव्हवर, आता मोबाइलमध्ये डाउनलोड करून. त्यासाठी कुणी ॲपची वर्गणी भरतं, तर कुणी पुतण्याकडून फुकट उतरवून घेतं.