काळ्या दोऱ्याचा कारागीर

चित्रपटाचा इतिहास सांगू लागलो की आपण नटनट्यांची नावे घेतो, गाण्यांच्या चाली आठवतो. पडद्यामागचा कारागीर मात्र आपल्या हिशेबातून सुटतो. त्यात दोष सर्वस्वी आपला नाही. चमत्काराची दृश्ये रचणाऱ्याचे यशच मुळी स्वतः न दिसण्यात असते. या दृष्टीने बाबूभाई मिस्त्री यांची कारकीर्द पाहण्यासारखी आहे.

१९१८ साली सुरतेस जन्मलेले बाबूभाई मुंबईच्या चित्रपटव्यवसायात आले. १९३७ साली विजय भट्ट यांच्या 'ख्वाब की दुनिया' या चित्रपटात अदृश्य माणूस दाखवायचा होता. हॉलिवूडने १९३३ साली असा चित्रपट काढला होता. पण तेथील साधने येथे कोठून आणणार? बाबूभाईंनी काळ्या पडद्यापुढे वस्तू काळ्या दोऱ्याने हालविल्या. दोऱ्यावर उजेड चमकला नाही आणि वस्तू जणू आपोआप चालू लागल्या. तेव्हापासून 'काला धागा' हे नाव त्यांना चिकटले.

१९४२ च्या 'मुकाबला'मध्ये नादियाची दुहेरी भूमिका होती. बटुक भट्ट यांच्या जोडीने त्याचे दिग्दर्शन बाबूभाईंनी केले. अशा दृश्यांत भिंगाचा अर्धा भाग झाकून चित्रण करावयाचे, फीत मागे गुंडाळावयाची आणि दुसरा अर्धा भाग टिपावयाचा, अशी त्या काळची रीत होती. कॅमेरा तसूभर हलला की दोन्ही वेळची मेहनत वाया! म्हणजे सबंध दृश्य आधी मनात उभे करावे लागे. दिग्दर्शकाचे काम तरी याहून निराळे काय असते?

वस्तुतः ही परंपरा आपल्या ओळखीची आहे. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढणारे दादासाहेब फाळके दिग्दर्शकही होते आणि चमत्कृतिकारही. पुढे कामे वाटली गेली. बाबूभाईंनी ती पुन्हा एका हाती आणली. 'संपूर्ण रामायण' (१९६१), 'पारसमणी' (१९६३) आणि 'महाभारत' (१९६५) ही त्याची फळे होत.

कोणी म्हणेल, ही तर निव्वळ हातचलाखी! पण रामकथेत दोरा दिसला असता, तर हात जोडून बसलेला प्रेक्षक हसला असता. त्याची श्रद्धा कारागिराच्या सावधपणावर उभी होती.

२०१० साली बाबूभाई मुंबईत निवर्तले. पडद्यावर दोरा दिसू न देणे हे त्यांचे काम होते, ते त्यांनी चोख केले. इतिहासात तो दोरा दाखविणे हे काम आता आपले आहे, असे आम्हांस वाटते.